जत्रेच्या रात्री पाहुणा थांबला पाहिजे: तळकोकणात सांस्कृतिक पर्यटन उभं करताना

तळकोकणातला सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला आणि १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपीचा विमानतळ सुरू झाला आणि जानेवारी २०२३ पासून हद्दीपलीकडे गोव्यातल्या मोपाला विमानं उतरू लागली. वाट सोपी झाली, तसा मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर माणूस वाढला. पण हाच माणूस कुडाळ, सावंतवाडी, पिंगुळी, वालावल ही गावं गाडीच्या काचेतून बघत पुढे जातो. ज्या भागात दशावतारी नाटकं, चित्रं दाखवत कथा गाणारी चित्रकथी, हाताने रंगवलेले गंजिफाचे पत्ते, लाकडी खेळणी आणि शेकडो ग्रामदेवतांच्या जत्रा आहेत, तो भाग समुद्राकडे जाणारा नुसता रस्ता होऊन बसला आहे.

हा लेख किनाऱ्यापासून आतल्या गावांसाठी आहे. घरात दोन खोल्या पाहुण्यांना देणारे, ग्रामपंचायतीचे सदस्य, बचत गटातल्या बायका, गावातलं तरुण मंडळ, कोणीही यातून कामाला लागू शकेल. माझं म्हणणं एकच आहे, आणि खालची प्रत्येक पायरी त्यावरच उभी आहे: पाहुण्याला गावाच्या वेळापत्रकात बसवा, गावाचं वेळापत्रक पाहुण्यासाठी मोडू नका.

पायरी १: प्रसंगांची यादी करा

‘तुमच्याकडे बघण्यासारखं काय?’ असं विचारलं की देऊळ, तळी, सडा, धबधबा अशी यादी मिळते. ती जागांची यादी झाली. देऊळ बारा महिने तिथेच असतं. त्या देवळात जत्रेच्या रात्री जे घडतं ते वर्षातून एकदाच घडतं. म्हणून एक वही घ्या आणि पाच रकाने आखा: काय होतं, कोण करतं, केव्हा, किती वेळ, आणि बाहेरच्या माणसाला तिथे बसायची मुभा आहे का. शेवटचा रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि तोच पुढे सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

‘केव्हा’ या रकान्यात तीन प्रकार वेगळे ठेवा. पहिला, तिथीने ठरणारे प्रसंग. भाद्रपदातली गणपतीची भजनं, नवरात्र, कार्तिकापासून सुरू होणाऱ्या जत्रा, फाल्गुनातला शिमगा. सावंतवाडीजवळच्या सोनुर्लीला माऊलीची जत्रा त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास भरते आणि भाविक देवळाभोवती लोटांगणं घालतात. या तारखा इंग्रजी कॅलेंडरात दरवर्षी सरकतात, त्यामुळे पंचांग बघून वर्षाचा तक्ता दरवर्षी नव्याने करावा लागतो. दुसरा प्रकार, कौलाने ठरणारे. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नाही. देवीचा कौल, म्हणजे होकार, घेऊन दिवस जाहीर होतो. असे प्रसंग सहा महिने आधी कोणालाही विकू नका. तारीख जाहीर झाली की कळवू, एवढंच सांगा. तिसरा प्रकार, बोलावून होणारे आणि रोजचे. सावंतवाडीच्या चितारआळीत लेथवर लाकूड कातणारा कारागीर, तिथल्या राजवाड्यातलं गंजिफाचं रंगकाम, पिंगुळीतली चित्रकथी. वर्षभराचा गाडा या तिसऱ्या प्रकारावर चालतो आणि पहिल्या दोन प्रकारांमुळे पाहुणा परत येतो.

पायरी २: पर्यटक घरून का निघाला ते ओळखा

प्रवासामागच्या प्रेरणांवर अभ्यासकांनी बरंच काम केलं आहे. जॉन क्रॉम्प्टन यांनी १९७९ साली सुट्टीवर जाणाऱ्यांच्या नऊ प्रेरणा मांडल्या. त्यांतल्या सात माणसाच्या आतल्या आणि सामाजिक गरजांतून येतात: रोजच्या जगण्यापासून सुटका, स्वतःकडे बघणं, विसावा, प्रतिष्ठा, मोकळं होऊन पोरासारखं वागणं, घरच्यांशी नातं घट्ट करणं, नव्या माणसांशी बोलणं. उरलेल्या दोनच संस्कृतीशी थेट जोडलेल्या: नावीन्य आणि शिकणं. गावात काम करणाऱ्याला यातून एक गोष्ट लगेच कळते. ‘आमच्याकडे चारशे वर्षांची कला आहे’ या वाक्याने दोनच दारं उघडतात. ‘आजी-आजोबा, मुलं आणि तुम्ही एकत्र बसून बाहुली नाचवाल’ या वाक्याने पाच-सहा उघडतात.

दुसरी उपयोगाची मांडणी बॉब मॅकर्चर यांची, २००२ सालची. संस्कृती हे प्रवासाचं कारण किती महत्त्वाचं होतं, आणि प्रत्यक्ष अनुभव किती खोल मिळाला, या दोन प्रश्नांवरून त्यांनी सांस्कृतिक पर्यटकांचे पाच प्रकार केले. संस्कृतीसाठीच येऊन खोलात शिरणारा एक, संस्कृतीसाठी येऊन वरवर बघून जाणारा दुसरा, थोड्याफार ओढीने येणारा तिसरा, सहज जाता जाता डोकावणारा चौथा. पाचवा प्रकार मला आपल्याकडे फार मोलाचा वाटतो: संस्कृतीच्या ओढीने न आलेला, पण आल्यावर पार बुडून गेलेला. पुण्याचं एक कुटुंब तारकर्लीला समुद्रात खेळायला येतं, रात्री जेवून बाहेर पडतं, कुठूनतरी मृदंग ऐकू येतो, आणि पहाटेपर्यंत ते देवळासमोर बसून राहतं. या पर्यटकाला जाहिरात करून बोलावता येत नाही. तो आधीच जिल्ह्यात आहे. संध्याकाळी सहा वाजता, आज रात्री कुठे काय आहे, एवढंच त्याला कळायला हवं.

तळकोकणात येणारे लोक मला असे दिसतात. चाकरमानी गणपतीला, शिमग्याला, जत्रेला येतो. त्याला मूळ घर आणि देव हवा असतो. तो स्वतःला पर्यटक म्हणवत नाही, पण सोबत मुंबईचे मित्र आणतो आणि त्यांना काय दाखवायचं हे त्याला सुचत नसतं. त्याला गावाचा तक्ता द्या, तोच तुमचा पहिला प्रचारक. कोल्हापूर-बेळगावहून आंबोली घाट उतरून येणाऱ्यांना मासे आणि समुद्र हवा असतो; त्यांचा वाटेतला एक दुपारचा थांबा सावंतवाडीत मिळवता येतो. सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी येणारा शिवप्रेमी इतिहास ऐकायला तयार असतो; त्याचा उत्साह किल्ल्याच्या तटावर संपू देऊ नये. चित्रकला किंवा डिझाइन शिकणारी मुलं संख्येने कमी, पण आठवडाभर राहतात. गोव्यात उतरलेल्या परदेशी पाहुण्यांपैकी काहींना गर्दी सोडून शांत गाव हवं असतं.

पाहुणा आला की पहिल्या संध्याकाळी चहाबरोबर तीन गोष्टी विचारा. इथे यायचं कसं ठरलं? बरोबर कोण आहे आणि त्यांतलं कोण कंटाळेल? घरी गेल्यावर शेजाऱ्यांना काय सांगायला आवडेल? उत्तरं वहीत लिहा. एका हंगामानंतर ही वही कुठल्याही सल्लागाराच्या अहवालापेक्षा जास्त सांगेल.

पायरी ३: गावाची संमती, आणि न दाखवायच्या गोष्टी

कोकणातल्या गावाचा धार्मिक व्यवहार गावरहाटीने चालतो. कोणाचा मान कुठला, पालखीला खांदा कोणाचा, देवापुढे विनवणीचं गाऱ्हाणं कोण घालणार, हे ठरलेलं असतं. ग्रामपंचायतीचा ठराव झाला म्हणजे गावाची संमती मिळाली असं इथे होत नाही. मानकऱ्यांबरोबर, देवस्थानाच्या मंडळींबरोबर आणि कलावंतांबरोबर वेगवेगळी बैठक घ्या. बैठकीत ‘पर्यटन आणू या का’ असा मोघम प्रश्न विचारू नका. त्याला सगळे हो म्हणतात. पहिल्या पायरीची वही उघडा आणि एकेका ओळीवर विचारा: इथे बाहेरचे दहा लोक बसले तर चालेल का? फोटो? व्हिडिओ? बाईमाणसांना मुभा कुठपर्यंत? चपला, कपडे, जेवणाचे नियम काय?

काही ओळींवर ‘नाही’ येईल. ते ‘नाही’ ठळक लिहा. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याची गावपळण घ्या. काही वर्षांच्या अंतराने सगळं गाव गुराढोरांसकट तीन दिवस-तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातं आणि देवाचा कौल मिळाल्यावर परत येतं. बाहेरच्याला हे विलक्षण वाटतं आणि म्हणूनच कोणी ना कोणी याची सहल काढायचा विचार करणार. माझ्या मते काढू नये. माणसांनी घरं सोडून मोकळ्या केलेल्या गावात पर्यटकांची गाडी शिरली तर त्या प्रथेचा अर्थच राहत नाही. ज्याची माहिती द्यावी पण ज्याचं दर्शन विकू नये, अशा गोष्टींचा एक स्वतंत्र रकाना प्रत्येक गावाने ठेवायला हवा. देवाला कौल लावणं, घरातली गाऱ्हाणी, अंगात येणं हे त्याच रकान्यातलं.

नियम एका पानात लिहून घराघरांत लावा. पाहुण्याला ते आरक्षणाच्या वेळीच पाठवा. दारात आल्यावर सांगितलेले नियम त्याला अपमानासारखे वाटतात.

पायरी ४: जत्रेची एक रात्र नीट घडवा

इथे थोडं थांबून सांगतो, कारण तळकोकणातला सर्वांत मोठा अनुभव हाच आहे आणि सर्वांत जास्त गोंधळही इथेच होतो.

जत्रेचं नाटक, म्हणजे दशावतार, घड्याळावर सुरू होत नाही. शहरातला पाहुणा घरच्या काकीला विचारतो, “काकी, नाटक किती वाजता?” काकी सांगते, “पालखी फिरान इली काय सुरू होतला.” हे उत्तर खरं आहे, पण पाहुण्याला ते पुरत नाही. तो दहाला जाऊन बसतो, अकरापर्यंत कंटाळतो आणि परत फिरतो, तेव्हा रंगमंचावर गाणारा हरिदास नुकता उभा राहिलेला असतो. म्हणून त्याला आधीच रात्रीचा क्रम समजावून द्या. संध्याकाळी देवीची ओटी भरायला रांग, मग पालखीची प्रदक्षिणा, मग आडदशावतार, म्हणजे मुख्य आख्यानाआधीचा भाग. त्यात गणपती, ऋद्धि-सिद्धी आणि सरस्वती येतात. मग वेद पळवणारा संकासुर येतो आणि लोकांना पोट धरून हसवतो. त्यानंतर पुराणातलं मुख्य आख्यान, आणि पहाटे दहीकाला.

पाहुण्याला तीन गोष्टी आधी माहीत असल्या तर तो नाटकात अडकतो. पहिली: या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेलं असतं, संवाद कलावंत तिथल्या तिथे रचतात, आणि कसलेले दोन नट समोरासमोर आले की वादविवाद अर्धा तास रंगतो. दुसरी: रंगमंचावर एक बाकडं असतं, तेच सिंहासन आणि तेच वन. तिसरी: स्त्रीपात्रं पुरुष करतात, आणि प्रत्येक नट आपली रंगभूषा स्वतः करतो. दशावतारी नटाबद्दल इथे म्हणतात, ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’. पाहुण्याला ही म्हण नाटकाआधी सांगा. मग मुकुटाखालचा माणूस त्याला दिसू लागतो.

भाषेचा अडसर खरा आहे. मुंबई-पुण्याच्या मराठी माणसाला आख्यानाची भाषा कळते, संकासुराची मालवणी निम्मी कळते; अमराठी पाहुण्याला काहीच कळत नाही. त्यासाठी ध्वनिक्षेपकावर निवेदन अजिबात नको. नाटकाच्या चालकाला दुपारीच भेटून आज कोणतं आख्यान आहे ते विचारा आणि जेवताना पाहुण्यांना कथा सांगून टाका. गावातलं कॉलेजात जाणारं एक पोर त्यांच्यात बसवा. ते कानात दोन-चार वाक्यं सांगेल. असा सोबती हे खरं काम आहे आणि त्याला त्याचे पैसे मिळाले पाहिजेत.

एका जत्रेला एका घराने फार तर आठ-दहा पाहुणे न्यावेत. पुढच्या रांगेत बसवू नये. तिथली जागा गावातल्या म्हाताऱ्यांची आणि पोरांची. गोधडी, पाण्याची बाटली, टॉर्च बरोबर द्या. ज्यांना मध्येच झोप येईल त्यांना घरी सोडायला एक रिक्षा बांधून ठेवा. कंटाळलेला एक माणूस सगळ्यांना उठवतो. रंगपटात म्हणजे रंगभूषा चालते तिथे चालकाच्या परवानगीशिवाय कोणी जाणार नाही, आणि पेटाऱ्याला, ज्यातल्या गणपतीची पूजा करून नाटक उभं राहतं, कोणी हात लावणार नाही.

मग मे महिन्यात रविवारी दुपारी रिसॉर्टच्या हिरवळीवर वीस मिनिटांचा दशावतार ठेवावा का? अनेक कलावंत असे प्रयोग करतात, त्यांना मिळकत होते, आणि ती नाकारण्याचा हक्क मला नाही. पण तो नमुना म्हणूनच दाखवा. ‘हे जत्रेतलं नाटक नाही, ते असं असतं आणि कार्तिकानंतर या’ असं स्पष्ट सांगितलं की पाहुण्याची फसवणूक होत नाही आणि पुढच्या मुक्कामाचं बीही पडतं.

पायरी ५: दिवसाचे अनुभव

पिंगुळी कुडाळला लागूनच आहे. इथल्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या पिढ्यान् पिढ्या सांभाळल्या. सावंतवाडी संस्थानचा त्यांना आश्रय होता. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, आणि त्यांच्या कुटुंबाने घराजवळ गोठ्याच्या जागेत उभं केलेलं ठाकर आदिवासी कला आंगण आज पाहायला मिळतं. चित्रकथीत एका आख्यानाच्या चित्रांचा संच म्हणजे एक पोथी. चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. सांगणारा एकेक चित्र उभं धरतो, वीणा, टाळ आणि हुडुकाच्या साथीवर कथा गातो, आणि पान उलटलं की युद्ध संपून शोक सुरू झालेला असतो.

असा अनुभव आखताना ऐकणं, करणं आणि बोलणं असे तीन भाग ठेवा. आधी अर्धा तास कथा. मग तासभर पाहुण्यांनी स्वतः बाहुली हातात घेऊन चालवायची किंवा एक आकृती रंगवायची. कळसूत्री बाहुलीचा नुसता नमस्कार जमवायला किती सराव लागतो ते हाताला कळलं की कलेची किंमत कोणाला समजावून सांगावी लागत नाही. शेवटी कलावंताबरोबर चहा. हा चहाचा अर्धा तास कापू नका. माणसं घरी गेल्यावर त्याचीच गोष्ट सांगतात.

सावंतवाडीत मोती तलावाच्या काठाने चालत राजवाडा आणि चितारआळी दोन्ही होतात. गंजिफाची कला मोडीत निघाली होती. शिवरामराजे आणि राजमाता सत्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकात तिला पुन्हा उभं केलं. दशावतारी गंजिफात १२० गोल पत्ते असतात: दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. पाहुण्याला पत्ते काचेआड दाखवून सोडू नका. एक साधा संच ठेवा आणि डाव मांडा. खेळताना मत्स्य, कूर्म, वराह मुलांच्या तोंडात आपोआप बसतात. चितारआळीत पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची फळं आणि खेळणी होतात. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफा या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं आहे; दुकानदाराने त्याचा अर्थ गिऱ्हाईकाला सांगितला आणि कारखान्यातलं परक्या राज्यातलं खेळणं वेगळ्या फळीवर ठेवलं, तर त्या मानांकनाचा उपयोग.

जेवण हाही कार्यक्रमच आहे, पण त्याबद्दल इथल्या बायकांना मी काय शिकवणार! एवढंच सुचवतो की रोज सुरमई-पापलेट नको. घावणे-रस, खापरोळी, काळ्या वाटाण्याचं सांबार आणि वडे, आंबोळी हे कोकणाबाहेर सहसा मिळत नाही. श्रावणात आणि सप्ताहात मासे का नाहीत हेही सांगा. ‘मिळणार नाही’ यापेक्षा ‘आज आमच्याकडे असं असतं’ हे पाहुण्याला आवडतं.

पायरी ६: पैशाचा हिशेब कागदावर

कलावंताचं मानधन पाहुण्यांच्या संख्येवर लावू नका. आठ जण आले काय आणि बारा आले काय, गाणाऱ्याचा घसा तेवढाच लागतो. एक नमुना हिशेब मांडतो. आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला.

समजा चार कलावंत, प्रत्येकी १,२०० रुपये, म्हणजे ४,८००. सोबत्याचे १,०००. जागा, वीज, झाडलोट ४००. आठ पाहुण्यांची न्याहारी प्रत्येकी १०० प्रमाणे ८००, कागद-रंग प्रत्येकी ७५ प्रमाणे ६००. एकूण ७,६००. त्यावर दहा टक्के गावनिधी, ७६०. बेरीज ८,३६०, म्हणजे माणशी साधारण १,०५० रुपये. बारा जण आले तर जमा १२,६००, आणि न्याहारी-सामान वाढून खर्च ८,३००, गावनिधी ८३०. म्हणजे ३,४७० उरतात. पाचच आले तर जमा ५,२५० आणि तोटा. म्हणून दर माणशी लावताना ‘गटाची किमान रक्कम ८,४००’ हे पहिल्या संदेशातच लिहा.

उरलेल्या रकमेचं काय करायचं ते हंगामाआधी ठरवा, नंतर भांडणं होतात. माझी शिफारस: निम्मी कलावंतांना, निम्मी शिकणाऱ्या मुलांसाठी. गावनिधीतून आधी शौचालयं, कचरा आणि देवळाकडे जाणाऱ्या वाटेवरचा दिवा. हिशेब महिन्याला चावडीवर वाचून दाखवा. गाडीवाल्यांना दलाली द्यायची असेल तर ती उघड आणि सगळ्यांना सारखी असू द्या. छुपी दलाली सुरू झाली की गाडी जास्त दलाली देणाऱ्याकडेच वळते.

पायरी ७: कागदपत्रं

निवास-न्याहारीसाठी पर्यटन खात्याकडे नोंदणी, जेवण देणाऱ्यांची अन्नसुरक्षेची नोंदणी, परदेशी पाहुणा राहिला तर २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद. सिंधुदुर्ग किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, तिथे ड्रोन आणि व्यावसायिक चित्रीकरणाला परवानगी लागते. यातलं काहीही ‘नंतर बघू’ म्हणून ठेवू नका.

पायरी ८: मुक्काम वाढवणारी वाट

एका गावाने पाहुणा दोन रात्री थांबत नाही, चार गावांनी थांबतो. पहिला दिवस सावंतवाडी: दुपारी राजवाडा आणि गंजिफा, संध्याकाळी चितारआळी, मुक्काम जवळच्या गावात. दुसरा दिवस सकाळी पिंगुळी, दुपारी वालावलचं लक्ष्मीनारायण मंदिर आणि त्याचं तळं, मग धामापूर. धामापूरचा तलाव १५३० साली बांधलेला, आणि २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला; तिथे काठावर बसून पाटाच्या पाण्यावर चालणारी शेती समजून घेण्यात तास सहज जातो. रात्री जत्रा असेल तर जत्रा. तिसरा दिवस सकाळी मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याचं बांधकाम १६६४ साली सुरू झालं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा मानलं, त्यांत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत. ही घोषणा पुढची काही वर्षं माणसं आणेल. ती मालवणच्या जेटीवरून परत जातील की आत वळतील, हे आपल्या तयारीवर आहे.

ज्यांना अजून एक दिवस आहे त्यांना मालवण तालुक्यातल्या कुडोपीची कातळशिल्पं. कोकणची कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. पण तिथे गावचा वाटाड्या घेतल्याशिवाय कोणाला पाठवू नका, कारण शिल्पं पायाखालीच असतात आणि चपलेने झिजतात. रत्नागिरी तालुक्यातल्या उक्षी गावाने कातळशिल्पाभोवती कठडा बांधून घेतला; आधी संरक्षण, मग माणसं, हा क्रम तिथून घ्यावा.

पावसाळ्यात किल्ल्याकडे जाणाऱ्या बोटी बंद असतात आणि किनारा ओस पडतो. आतल्या गावांसाठी हाच मोकळा काळ. लेथ छपराखाली चालतो, चित्रकथी छपराखाली होते, भातलावणी बघायला आणि करायला मिळते.

पायरी ९: लोकांना कळवणं

खर्चिक जाहिरात करू नका. दर सोमवारी आठवड्याचा तक्ता एका पानावर करा, जत्रा कुठे, नाटक कोणत्या मंडळाचं, आख्यान कळलं असेल तर ते, आणि मालवण-तारकर्लीच्या घरगुती निवासवाल्यांना, रिक्षावाल्यांना, कुडाळ आणि सावंतवाडी रोड स्थानकांबाहेरच्या चहावाल्यांना व्हॉट्सॲपवर पाठवा. नकाशावर आपलं ठिकाण अचूक खुणावून ठेवा. फोटोत ज्याचा चेहरा आहे त्याला विचारल्याशिवाय तो फोटो वापरू नका. गाव सातारा जिल्ह्यातल्या भिलारसारखं एका कल्पनेवर उभं राहू शकतं, हे मे २०१७ पासून पुस्तकांच्या गावाने दाखवलं आहे. पण भिलार पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवर आहे आणि तिथे माणसांचा ओघ आधीच होता, हे विसरून त्याची नक्कल करू नका.

पायरी १०: मोजा आणि थांबायची रेघ आखा

रिचर्ड बटलर यांनी १९८० मध्ये पर्यटनस्थळाचा जीवनक्रम मांडला: आधी मोजके शोधक येतात, मग गावकरी सामील होतात, मग बाहेरचा पैसा आणि वेगाने वाढ, मग साचलेपण, आणि तिथून उतार किंवा नवी उभारी. आतली गावं आज पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात आहेत. नियम घालायची वेळ हीच. तिसऱ्या टप्प्यात जमिनी विकल्या गेलेल्या असतात आणि मग कोणी ऐकत नाही.

हंगामाच्या शेवटी, वैशाख सरताना, गावाची बैठक घ्या आणि पाच आकडे मांडा. किती रात्री मुक्काम झाले. पाहुण्यांची डोकी मोजू नका, रात्री मोजा. कलावंतांच्या हातात प्रत्यक्ष किती रक्कम गेली. किती पाहुणे दुसऱ्यांदा आले. कला शिकायला किती मुलं बसली. आणि किती तक्रारी आल्या, गावकऱ्यांच्या वेगळ्या आणि पाहुण्यांच्या वेगळ्या.

तक्रारींचा सूर नीट ऐका. जॉर्ज डॉक्सी यांनी १९७५ मध्ये यजमान गावाच्या मनाच्या चार अवस्था सांगितल्या: उत्साह, उदासीनता, चीड, उघड विरोध. ‘येवा, कोकण आपलाच आसा’ म्हणणारं गाव पहिल्या अवस्थेत असतं. पालखीच्या वाटेत गाडी लावली, देवळात मोबाइल वर करून उभे राहिले, अशा तक्रारी वाढल्या की गाव तिसऱ्या अवस्थेकडे सरकलं. तेव्हा पुढच्या वर्षाचे पाहुणे कमी करा, दर वाढवा, आणि ज्या प्रसंगावर सर्वांत जास्त तक्रारी आल्या तो एक वर्ष पाहुण्यांसाठी बंद ठेवा. मानकरी आणि कलावंत पुन्हा हो म्हणाले, तरच त्या प्रसंगाची ओळ पुढच्या तक्त्यात घाला.